उलटे घोडे सरळ करा

"रंजनाबेन, हे उलटे घोडे सरळ करून टाका," शेठ म्हणाले. "आणि मधला लाल जरा मारा. फार डार्क वाटतो."

मी स्क्रीनकडे बघतच राहिले. तिथे जे कापड दिसत होतं ते तिथे असायलाच नको होतं. परवा संध्याकाळी ती फाइल मी माझ्या हातांनी उडवली होती.

"ही तुमच्याकडे कुठून आली?"

"अरे, तुम्हीच तर स्कॅन केली ना! फोल्डरमध्ये पडली तशी माझ्या फोनवर दिसली. मी काढून ठेवली. काय जबरदस्त माल आहे, बेन!"

शेठ मनापासून खूश होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग अर्धी त्यांच्यावर होती आणि अर्धी माझ्यावर, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. स्कॅन मीच केलं होतं.

आधी मी कोण ते सांगते. मी सुरतेत, बमरोलीच्या एका डिजिटल प्रिंटच्या कारखान्यात डिझाइनर आहे. माझे वडील अमळनेरकडून लूम चालवायला इकडे आले. मी नवागामात वाढले, आणि सासरही नवागामातच मिळालं. मी काम शिकले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वर डिझाइन, त्याच्यावर फिल्म आणि हातात बारीक ब्रश. जेवढे रंग तेवढ्या फिल्म. याला ट्रेसिंग म्हणायचे. मान मोडायची. आता तेच काम स्कॅनर करतो आणि मान तरीही मोडते.

आमच्या धंद्याला एक खोड आहे, खोटं कशाला बोलू. टेबलावर आलेलं कापड स्कॅन झाल्याशिवाय परत जात नाही. गिऱ्हाईक अस्तराचा रंग दाखवायला साडी आणतं, आम्ही साडीच उचलतो. लग्नात जेवायच्या रांगेत पाहुणीच्या ओढणीचा गुपचूप फोटो काढणाऱ्या डिझाइनर मला माहीत आहेत. त्यातली एक मीच. यात कुणाला काही वाटत नाही. आज मी तुझं उचललं, उद्या तू माझं उचल, असं सगळं गुण्यागोविंदाने चालतं.

तर गुरुवारी आमच्याकडे मार्ता आल्या होत्या. इंडोनेशियाच्या पूर्वेला सुंबा नावाचं बेट आहे, तिथल्या एका खेड्यातल्या. साठीला टेकलेल्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांच्याबरोबर हरेशभाई होते. हरेशभाई मूळचे आपल्या बाजूचे, पण दोन पिढ्या तिकडे सुराबाया शहरात कापडाचा धंदा. दुभाषे तेच आणि दलालही तेच. तिकडे आईच्या वयाच्या बाईला 'मामा' म्हणतात. "मामा मार्ता को चाय दो," असं हरेशभाई म्हणाले तेव्हा आमचा चहावाला दारात उभा राहून मामा शोधत होता.

शाळेत मी इंडोनेशिया म्हणजे जावा आणि सुमात्रा एवढंच शिकले होते. हे बेट वेगळं. पाऊस कमी, नुसती गवताळ माळरानं, आणि त्यावर घोडे. एके काळी तिथले घोडे जहाजांत भरून दूरदूर विकायला जायचे. घरांची छपरं मध्येच टोपीसारखी उंच, आणि त्या उंच माळ्यावर पूर्वजांच्या वस्तू ठेवलेल्या. आता डांबरी रस्ता आलाय, समुद्राकडेला पाहुण्यांसाठी हॉटेलं आलीत, पोरं बालीला कामाला पळतात. मागे बाया राहतात आणि त्या विणतात. मार्तांच्या गावातल्या कितीतरी मुलांची फी मागावरून निघते.

त्यांचं विणकाम म्हणजे आधी सूत ताणायचं, ताडाच्या पातीने जागोजागी बांधायचं, आणि मग रंगवायचं. बांधलेल्या जागी रंग जात नाही. एकेका रंगासाठी पुन्हा बांधणं, पुन्हा सोडणं. सगळं चित्र सुतावर आधीच तयार होतं आणि शेवटी विणलं जातं. आपला पाटणचा पटोळा याच जातीचा. एका मोठ्या कापडाला महिनोन्‌महिने लागतात. कधी वर्षही.

मग त्या आमच्याकडे कशाला आल्या होत्या? शाळेच्या गणवेशासाठी. आठवड्यातून एक दिवस मुलांनी गावच्या नक्षीचं कापड घालायचं असं शाळेने ठरवलं. हातमागाचं कापड गरिबाच्या पोराला परवडत नाही. बाजारात छापील मिळतं, पण त्यावर कुठलीही नक्षी कुठेही ठोकलेली. म्हणून विणकर बायांनीच बैठक घेतली. वडीलधाऱ्यांना विचारलं. कोंबडा, पक्षी वगैरे चार नक्ष्या मुलांसाठी मोकळ्या केल्या. छापायच्या तर आपण सांगू तशा छापून घेऊ, असा सरळ हिशेब. मला ती बाई तिथेच आवडली. परंपरा म्हणून रडत बसली नव्हती, कामाला लागली होती.

अडचण होती लाल रंगाची. त्यांचा लाल नोनीच्या मुळांपासून येतो. आपल्याकडे त्या जातीच्या झाडाला बारतोंडी म्हणतात. फोटोवरून तो रंग कळतच नव्हता, म्हणून त्यांनी पिशवीतून एक जुनं कापड काढलं. अहो, काय सांगू! इतकी वर्षं कापडात काढली, पण माझा हात आपोआप मागे गेला. गर्द निळीवर तो लाल, त्यावर घोडे आणि हरणं, आणि बरोबर मध्ये एक जाळीदार पट्टा.

माझ्याकडे रंग मोजायचं एक छोटं यंत्र आहे. कापडावर ठेवलं की आकडे देतं. मी चार ठिकाणी मोजलं, अजून मोजायचं होतं. तेवढ्यात शेठ जेवायला बोलवायला आले. मार्ता कापड घडी करून न्यायला लागल्या. मी खुणेनेच म्हटलं, राहू दे, माझं अर्धं काम बाकी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कापड माझ्या हातात दिलं आणि बरंच काही बोलल्या. बोटही हलवलं. हरेशभाई म्हणाले, "संभाल के रखना, बोल रही है।"

सगळे जेवायला गेले. मी मोजणी संपवली. आणि मग, खरंच सांगते, एकही विचार न करता स्कॅनरचं झाकण उचललं. कापड मोठं होतं, तुकड्यातुकड्याने स्कॅन करून जोडलं. डबा खाता खाता केलं मी ते काम.

मार्ता परत आल्या. हरेशभाई शेठजवळ बसले होते. मी माझ्या फोनमधलं भाषांतराचं ॲप काढलं. मी हिंदीत बोलायचं, फोनने त्यांच्या भाषेत सांगायचं, आणि उलट. दोन बाया समोरासमोर बसल्यावर दलालाची गरज नसते. त्यांनी सांगितलं, हे पुरुषाचं खांद्यावर घ्यायचं कापड आहे. "अर्धे घोडे उलटे का?" मी विचारलं. त्यांनी कापड मधोमध घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. पुढच्या भागावर घोडे सरळ उभे. खुर्ची फिरवली. मागेही घोडे सरळ उभे. जमिनीवर पसरलं की अर्धे उलटे दिसतात, माणसाने घेतलं की सगळे पायावर उभे राहतात.

मधल्या जाळीदार पट्ट्यावर बोट ठेवून त्या हसल्या. म्हणाल्या, हा तुमच्याकडचा. शेकडो वर्षांपूर्वी डच लोकांच्या जहाजांतून तुमच्या सुरतेहून पटोळे आमच्या बेटावर यायचे. राजघराण्यांनी ते जपून ठेवले. पुढे आमच्या बायांनी बघून बघून ती जाळी आपल्या सुतावर बांधली. मला इतका अभिमान वाटला, जसं काही ते जहाज मीच भरलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "हे माझ्या आईने माझ्या वडिलांसाठी विणलं. त्यांच्या अखेरच्या दिवसासाठी. आई गेली. वडील आता अंथरुणावर आहेत. हे त्यांच्या अंगावर घालायचं आहे. इतका चांगला लाल गावात दुसऱ्या कशात नाही, म्हणून आणलं. भाऊ देत नव्हते. मी त्यांना शब्द दिलाय की कुणी याचा फोटो काढणार नाही. म्हणून तर जेवायला जाताना तुला सांगितलं, फोटो नको, फक्त रंग."

हरेशभाईंनी एवढ्या सगळ्याचं 'संभाल के' केलं होतं! आणि मी? मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मूग गिळून बसले. संध्याकाळी फाइल डिलीट करू, कुणाला कळणार, असं मनात म्हटलं. केलीही डिलीट. आणि शनिवारी सकाळी शेठ तीच फाइल उघडून माझ्यासमोर उभे होते.

"शेठ, हे छापायचं नाही," मी म्हटलं. "मयताच्या अंगावर घालायचं कापड आहे ते. त्या बाईच्या बापाचं."

"कापड कुठे छापतोय आपण? डिझाइन छापतोय. कापड तर तिच्या बॅगेत आहे."

"तिने फोटोला नाही म्हटलं होतं."

"मला नाही म्हटलं. तुम्हाला म्हटलं असेल." वर हसले. "हरेशभाई म्हणतात तिकडच्या बाजारात हातोहात जाईल. इकडे कुर्तीत पण चालेल. फक्त घोडे सरळ पाहिजेत."

मी त्यांना जमेल तसं समजावलं. नक्षी कोणासाठी मोकळी, कोणासाठी नाही. त्यांनी स्वतः होऊन चार नक्ष्या दिल्यात. ही पाचवी चोरायची काय गरज? विणकर बायांच्या पोटावर पाय येईल. बोलता बोलता मी त्या पट्ट्याची गोष्टही सांगून बसले. वाटलं, सुरतेचं नाव ऐकून तरी लाज वाटेल. शेठनी टाळीच वाजवली.

"मग तर आपलंच आहे ते! आपलं आपण परत घेतोय. शुं खोटुं छे एमां?"

काय खोटं आहे यात, म्हणे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, यांच्या आजोबांनी पटोळा विणला होता की पणजोबांनी? हे कापडाचे व्यापारी. यांच्या घरात कुणी सुताला गाठ मारलेली नाही. तिकडे कुणा बाईने तीनशे-चारशे वर्षांपूर्वी आलेली नक्षी डोळ्यांनी वाचली, बोटांनी शिकली, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आणि इथे एसीत बसून हा माणूस म्हणतो, आपलंच परत घेतोय!

"मी घोडे सरळ करणार नाही," मी म्हटलं.

"नका करू. शेजारचं टेबल करेल."

आणि शेजारच्या टेबलाने केलं. अर्ध्या तासात. कॉम्प्युटरवर अर्धं कापड निवडायचं आणि फिरवायचं, एवढंच असतं ते. आमच्या भाषेत याला वन-वे डिझाइन म्हणतात, म्हणजे सगळी चित्रं एकाच दिशेला बघतात. आता ते कुणी खांद्यावर घेतलं तर पाठीवरचे घोडे पाय वर करून लोंबकळणार. ते त्या टेबलावरच्या मुलीला माहीत नव्हतं, आणि शेठना सांगूनही फरक पडला नसता.

घरी गेले तर तोंड उतरलेलं. सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "काय व्हयनं?" मी सगळं सांगितलं. शेठना शिव्या घातल्या, हरेशभाईंना घातल्या. वाटलं, माझी बाजू घेतील. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी, तिच्या प्रसादाचे रोट आमच्या घरात भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. शेजारीण कितीही जिवाभावाची असो, त्या ताटाला तिचा हात लागत नाही. हे सांभाळणारी बाई ती, तिला कापडाचं काही वेगळं समजावावं लागलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाल्या, "पन झाकन तर तूच उचलं ना? तुनी चूक शे. तूच सांगी दे तिले."

रविवार मी कसा काढला माझं मला माहीत. नोकरी जाईल ही भीती होतीच. मुलीचं कॉलेज चालू आहे. पण त्याहून जास्त भीती मार्तांच्या चेहऱ्याची होती.

सोमवारी त्या स्ट्राइक-ऑफ बघायला आल्या. स्ट्राइक-ऑफ म्हणजे मोठी छपाई करण्याआधी काढलेला नमुन्याचा तुकडा. गणवेशाचा नमुना सुंदर आला होता. लाल बरोबर जमला होता, चार बोटं रुंद कोंबडे ऐटीत उभे होते. मार्तांनी तो तुकडा गालाला लावून बघितला. शेठ खूश, हरेशभाई खूश. मी फोन काढला आणि सगळ्यांसमोर बोलले.

"मामा, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तुमच्या आईचं कापड स्कॅन केलं. सवयीने केलं. चूक माझी आहे. आता हे लोक ते छापणार आहेत."

फोनमधल्या बाईने ते गोड आवाजात सांगून टाकलं. हरेशभाई घाईने काहीतरी बोलायला लागले, मार्तांनी त्यांना हाताने थांबवलं. मला म्हणाल्या, "दाखव."

मी शेजारच्या टेबलावरची फाइल उघडली. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग शेठकडे वळल्या. "घोडे कुणी फिरवले?"

"चांगलं दिसतं ना आता?" शेठ म्हणाले. खरंच म्हणाले! "सगळे सरळ."

मार्तांनी गणवेशाचा तुकडा घडी करून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. फोनकडे तोंड करून एकेक वाक्य सोडत गेल्या. "आम्ही चार नक्ष्या आपल्या हातांनी तुम्हाला दिल्या. गावभर विचारून दिल्या. एक दिली नव्हती. तुम्ही तीच घेतली. मुलांचं कापड आम्हाला तुमच्याकडून नको."

मग धावपळ झाली. शेठनी हात जोडले. फाइल त्यांच्यासमोर डिलीट केली. "बघा, गई! खतम!" हरेशभाई म्हणत होते, बाईला धंद्यातलं कळत नाही. शेठ माझ्याकडे बघून दात खात होते. ऑर्डर हातची गेली ती रंजनाबेनमुळे, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं आणि आजही तेच सांगतात.

मी मार्तांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला, पण "असू दे" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तू मला सांगितलंस. आता मला घरी सांगावं लागेल."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ पुरता कळला नव्हता.

माझी नोकरी गेली नाही. माझ्याइतकी जुनी डिझाइनर शेठना परवडत नाही आणि सोडवतही नाही. डिलीट केलेली फाइल हरेशभाईंकडे होतीच. महिन्याभरात ते कापड छापून निघालं, लाल मारलेला, घोडे सरळ केलेले. मी भांडले. शेठनी काखा वर केल्या. "हरेशभाईंची ऑर्डर आहे, मी फक्त जॉबवर्क करतो." म्हणजे छपाई यांची आणि पाप दुसऱ्याचं!

पावसाळ्याच्या शेवटी मार्तांचा फोटो आला. शाळेच्या पायरीवर मुलं उभी होती. अंगात साधे पांढरे शर्ट, आणि प्रत्येकाच्या खिशावर हातमागाची तळहाताएवढी पट्टी. गावातल्या बायांनी वाटून घेऊन विणल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी फोटो सासूबाईंना दाखवायला उठले. तेवढ्यात खाली मजकूर आला. मी तो फोनकडूनच हिंदीत करून घेतला.

वडील गेले. भावांनी विचारलं, कापडाचा फोटो कुणी काढला का. मी हो म्हटलं. त्यांनी आईचं कापड वडिलांच्या अंगावर घालू दिलं नाही. म्हणाले, ज्याची नक्कल बाहेर गेली ते आता एकट्या वडिलांचं राहिलं नाही. दुसरं घातलं. आईचं कापड परत माझ्याकडे आलं आहे.

एवढंच. मला दोष नाही, शेठना शिवी नाही. ती बाई खोटं बोलू शकली असती. कोण बघायला जाणार होतं? पण मी तिला खरं सांगितलं होतं, आणि तिने घरी खरं सांगितलं. त्या म्हाताऱ्यासाठी त्याच्या बायकोने विणलेलं कापड त्याच्या अंगावर गेलं नाही. माझ्या जेवणाच्या सुट्टीमुळे गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले आणि तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. ते चुकचुकले. "अरेरे! बहु खोटुं थयुं." फार वाईट झालं, म्हणे. क्षणभर वाटलं, वाईट वाटलं असावं माणसाला. मग ते म्हणाले, "आणि रंजनाबेन, ती डिझाइन तर चाललीच नाही. हरेशभाईंनी अर्धा माल परत पाठवला. लोक म्हणाले, लाल बरोबर नाही."

चाललीच नाही! मी केबिनबाहेर आले. परत आलेल्या ताग्यांतलं कापड फाडून कारागिरांनी मशीनवर धूळ बसू नये म्हणून टाकलं होतं. खाली मशीन, वर सरळ केलेले घोडे. मी ते ओढून काढलं, घडी केली आणि कपाटात ठेवलं. दुपारी कुणीतरी ताग्यातून दुसरा तुकडा फाडून टाकला. किती काढणार मी?

धडा म्हणाल तर पहिल्या दिवशी शिकायचा होता, तो मी केस पिकल्यावर शिकले. कापड टेबलावर आलं की आधी विचारायचं, हे कोणाचं, कशासाठी, आणि याचं काय काय करायचं नाही. उत्तर दुभाष्याकडून नाही, त्या माणसाकडून घ्यायचं. तोवर झाकण बंद. नव्या मुलींनाही मी हेच करायला लावते. शेठ म्हणतात, रंजनाबेनच्या टेबलावर काम फार स्लो झालंय.

झालंय. होऊ दे.